अजून नाही आणि कधीच नाही

दिवाळीच्या आधी माळा साफ करण्याचे काम आमच्या घरी परंपरेने माझ्याकडे आहे. सौभाग्यवती खाली उभ्या राहून आज्ञा करतात आणि मी शिडीवर उभा राहून त्या पाळतो. यंदा एका पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या जुन्या नोंदवह्यांचा गठ्ठा सापडला. भाईंदरमधल्या एका लहानशा खाजगी शाळेत मी शिकवतो. शाळा आठवीपर्यंतच आहे. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही. दिवसा मुलांना शिकवावे आणि रात्री कादंबऱ्या लिहाव्यात, असा माझा संसार चालतो. शिडीवरून उतरून, धूळ झटकून, मी त्यातली एक वही उघडली. बारा वर्षांपूर्वीची होती. एका मुलाच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘गणित जमत नाही. जमणारही नाही.’

ते वाचले आणि सगळा प्रसंग आठवला. त्या मुलाची आई मिठागरात काम करीत असे. परीक्षा संपल्यावर ती शाळेत आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “सर, पोराला पुढं शिकवू, का मामाच्या हाताखाली कामाला लावू? तुम्ही सांगाल तसं.” मी म्हणालो, “बाई, उगाच पैसे घालवू नका. त्याच्याने हे होणार नाही.” तिने हात जोडले आणि ती गेली. मला त्या वेळी आपण स्पष्ट बोललो याचे समाधानच वाटले होते.

वही मी परत ट्रंकेत टाकली. पण त्या आठवड्यात दुसरीच एक गोष्ट घडली, आणि ती वही मला पुन्हा बाहेर काढावी लागली.

माझी भाची दिवाळीला आली आहे. ती इंजिनिअरिंगला आहे आणि सुटीनंतर तिची परीक्षा आहे. म्हणून फराळाचे ताट मांडीवर आणि पुस्तक पुढ्यात, असा तिचा अभ्यास बाल्कनीत चालला होता. मी सहज विचारले, “काय वाचतेस?” ती म्हणाली, “मामा, कॉम्प्युटरला एखादं काम दिलं, तर तो ते संपवून कधी थांबेल का, हे आधीच सांगणारी पद्धत असू शकत नाही. ते सिद्ध करायचंय.”

मी हसलो. “अगं, त्यात सिद्ध काय करायचं? थांबला की कळेलच!”

ती चकलीचा तुकडा मोडत म्हणाली, “आणि नाही थांबला तर?”

वाचकहो, या चार शब्दांनी माझी दिवाळी व्यापली. पुढचे चार दिवस मी तिला छळून जे समजून घेतले, ते माझ्या मॅट्रिकच्या बुद्धीला पेलले तेवढे येथे मांडतो. गणित पाहून पान उलटू नका. या गणिताचा शेवट त्या मिठागरातल्या बाईपाशी होणार आहे.

सुरुवात आपल्याच एका शाळामास्तरापासून करू. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आमच्या भाईंदरवरून गाडी सरळ तेथे जाते. २०१३ सालापासून तर लोकलच जाते. फर्ग्युसनमध्ये पदवी घेऊन ते देवळालीला शाळेत शिक्षक झाले, आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शिक्षकच राहिले. पुढे शिकण्याचा योग आला नाही, पण आकड्यांचे वेड सुटले नाही. आपल्याकडच्या काही विद्वानांना त्यांचे संशोधन म्हणजे पोरखेळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या एका मोठ्या विज्ञान-मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले.

१९४९ साली त्यांना एक गंमत सापडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तराला पुन्हा तेच करा. त्यांच्याच जन्मसालापासून निघू. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. त्यापासून ८१७२, मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सातव्या पायरीवर ६१७४. आता पुढे कितीही वजाबाक्या करा, ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४च. गाडी येथे थांबली. कोणतीही संख्या घेतली तरी सात पायऱ्यांच्या आत ती याच स्थानकावर येऊन थांबते.

दोन अंकी संख्येला मात्र असे स्थानक नाही. ६३ पासून २७, ४५, ०९, ८१, आणि पुन्हा ६३. ही गाडी घाण्याच्या बैलासारखी फिरतच राहते. पण पाहा, ती कधीच थांबणार नाही हे आपल्याला पाच वजाबाक्यांतच कळले. का कळले? कारण ६३ पुन्हा आला. एकदा होती ती स्थिती पुन्हा आली की पुढचे सारे पुन्हा तसेच होणार. दोन अंकी संख्या शंभरच; तेव्हा फार तर शंभर पायऱ्यांत एक तर मुक्काम सापडतो, नाही तर पुनरावृत्ती सापडते. येथे ‘कधीच नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे.

भाचीने मला आमच्या इमारतीतली लिफ्ट दाखवून हेच समजावले. तळमजला धरून आठ थांबे. दार उघडे किंवा बंद. लिफ्ट वर जाणारी, खाली येणारी किंवा उभी. आणि आतली आठ बटणे, प्रत्येक दाबलेले किंवा न दाबलेले. सगळा गुणाकार केला तर १२,२८८ अवस्था होतात. लिफ्टला आठवण आहे ती एवढीच. कालच्या दिवशी कोण चढले होते, हे तिला ठाऊक नसते. कोणी कशीही बटणे दाबली, तरी दार उघडे असताना ही हलेल का, असा प्रश्न असेल तर एकेक अवस्था तपासावी. काम कंटाळवाणे आहे, पण ते संपणारे आहे. ज्याची आठवण मोजकी, त्याच्याविषयीच्या अशा प्रश्नांचा निकाल लागतो.

पण मोजक्या आठवणीला मोजकीच कामे जमतात. पदावलीत उघडलेला प्रत्येक कंस मिटला की नाही, हे साधे काम घ्या. कंसात कंस, त्यात पुन्हा कंस, असे कितीही खोल जायचे असेल, तर किती उघडले हे लक्षात ठेवायला लिफ्टची स्मृती कधी तरी अपुरी पडणारच. मग यंत्राला कागद द्यावा लागतो. पुरेल तेवढा कागद; संपला की आणखी. आणि गंमत अशी, की कागद अमर्याद दिला की यंत्राची शक्ती वाढते, पण त्याच्याविषयी भाकीत करण्याची आपली शक्ती मात्र संपते. कारण आता तीच स्थिती परत येईलच असा भरवसा उरत नाही.

एक लहानसा खेळ पाहा. संख्या सम असेल तर निम्मी करा. विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. १ आला की थांबा. २७ पासून निघालात तर ९२३२ पर्यंत चढून, १११ पायऱ्यांनी १ वर याल. प्रत्येक संख्या अशी १ वर येते का? लोथर कोलाट्झ या जर्मन गणितज्ञाच्या नावाने हा १९३७ सालचा प्रश्न ओळखला जातो, आणि तो आजही सुटलेला नाही. जॉन कॉनवे याने १९७२ साली तर असे दाखवले, की याच जातीच्या नियमांचा सबंध वर्ग घेतला, तर त्या सर्वांना लागू पडेल अशी निकालाची पद्धत असूच शकत नाही.

‘असूच शकत नाही’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले की मी सावध होतो. पण याचे मूळ आहे अॅलन ट्यूरिंग या इंग्रज तरुणाच्या १९३६ सालच्या निबंधात, आणि त्यातून निघालेली सिद्धता आमच्या बाल्कनीतही मावते. समजा, एक सर्वज्ञ परीक्षक-यंत्र आहे. कोणत्याही यंत्राची कृती त्याला लिहून द्यावी, आणि त्याने ‘थांबेल’ किंवा ‘थांबणार नाही’ असे अचूक सांगावे. आता या परीक्षकाला पोटात घेऊन आपण एक हट्टी यंत्र बनवू. एखाद्या यंत्राची कृती हाती आली की हे हट्टी यंत्र परीक्षकाला विचारते, ‘या यंत्राला त्याचीच कृती वाचायला दिली, तर ते थांबेल का?’ परीक्षक ‘थांबेल’ म्हणाला, तर हे मुद्दाम गोल गोल फिरत राहते. ‘थांबणार नाही’ म्हणाला, तर हे चटकन थांबते. आता या हट्टी यंत्राला स्वतःचीच कृती वाचायला द्या. परीक्षक ‘थांबेल’ म्हणेल, तर ते थांबणार नाही. ‘थांबणार नाही’ म्हणेल, तर ते थांबेल. परीक्षक काहीही बोलला तरी खोटा पडतो. म्हणून असा सर्वज्ञ परीक्षक नाही. हुशार माणूस अजून जन्मला नाही म्हणून नाही असे नव्हे. तो असणेच अशक्य आहे.

माझ्यासारख्या लेखकाला याहून जवळचे एक उदाहरण भाचीने दिले. ‘सुंदर मुलांचे चित्र’ असे मी लिहिले, तर सुंदर कोण, मुले की चित्र? असे दुहेरी अर्थ लावता येणारे वाक्य व्याकरणाच्या नियमांतून निघते. मग नियमांची एखादी यादी दिली असता, तिच्यातून असे एकही दुहेरी रचनेचे वाक्य निघणार नाही ना, हे सांगणारी सर्वांना चालणारी पद्धत आहे का? साध्या, ठरावीक ठशाच्या व्याकरणांपुरतीसुद्धा नाही, असे १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सिद्ध झाले. एकेका व्याकरणाचा निकाल कोणी लावू शकेल. सगळ्यांचा एका मापाने लावता येणार नाही.

येथवर आलो, आणि मला त्या वहीची आठवण झाली.

कारण या साऱ्यात एक गोष्ट फार विलक्षण आहे. ‘थांबेल का?’ या प्रश्नाची ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोन उत्तरे एका तोलाची नाहीत. यंत्र थांबणारे असेल, तर आज ना उद्या ते थांबेल आणि ‘हो’चा पुरावा आपल्या हाती येईल. न थांबणारे असेल, तर शंभर वर्षे त्याच्यासमोर बसलात तरी हाती येते ते फक्त ‘अजून नाही’. आणि ‘अजून नाही’ कितीही वेळा उच्चारले, तरी त्याची बेरीज ‘कधीच नाही’ होत नाही. मी त्या मुलाला तीन वर्षे शिकवले होते. तीन वर्षे माझ्याजवळ ‘अजून नाही’ होते, आणि त्याच्या आईला मी दिले ते ‘कधीच नाही’.

येथे एखादा चतुर वाचक म्हणेल, ‘मास्तर, मूल म्हणजे यंत्र नव्हे. ट्यूरिंगचा सिद्धांत यंत्रांचा. तो पोरांना कशाला लावता?’ आक्षेप बरोबर आहे. सिद्धांत मुलाला लागू पडतो असा माझा दावा नाही. पण मला असे वाटते, की ज्याची प्रत्येक हालचाल लिहिलेल्या नियमाबरहुकूम होते, ज्याला रुसवा नाही, भूक नाही, घरची काळजी नाही, त्या यंत्राविषयीसुद्धा जर सरसकट ‘कधीच नाही’ म्हणण्याची सोय नसेल, तर तेरा वर्षांच्या मुलाविषयी तसे म्हणताना माझी जीभ थोडी तरी अडखळायला हवी होती.

दुसरा आक्षेप याहून जड आहे, आणि तो मीच स्वतःला घेतला. आयुष्याला अमर्याद कागद नाही. त्या बाईला उत्तर त्याच दिवशी हवे होते. फी भरायची की नाही, हे जूनच्या आत ठरायचे होते. ‘अनंतकाळ वाट पाहा’ हा सल्ला मिठागरात उन्हात उभ्या राहणाऱ्या बाईला देणे हाही एक निर्दयपणाच आहे.

भाचीच्या पुस्तकात या अडचणीचाही एक अध्याय निघाला. ज्यांचा निकाल नक्की लागतो, त्या प्रश्नांतही काही असे आहेत की निकाल लागेपर्यंत विचारणारा उरत नाही. वीस पाहुण्यांना एका पंगतीत ओळीने बसवायचे आहे, आणि ज्यांचे एकमेकांशी पटत नाही ते शेजारी येता कामा नयेत. अशी रचना शक्य आहे का? सगळ्या रचना तपासल्या की झाले! पण वीस माणसांच्या रचना २४३ वर सोळा शून्ये देऊन होते त्याहून थोड्या अधिक आहेत. सेकंदाला एक कोटी तपासल्या तरी साडेसात हजारांहून अधिक वर्षे लागतील. तोवर जिलब्या काही गरम राहणार नाहीत. उलट, कोणी तयार रचना आणून दिली, तर ती बरोबर आहे की नाही हे पंगतीतून एक फेरी मारून कळते. हुशारीने हे काम पुष्कळ कमी करता येते. पण जे तपासायला सोपे, ते शोधायलाही सोपे असते का, हा प्रश्न स्टीफन कुकने १९७१ साली नीट मांडला. २००० साली अमेरिकेतल्या एका संस्थेने त्याला दहा लाख डॉलरांचे बक्षीस लावले, आणि ते अजून कोणी नेलेले नाही.

पण ‘फार अवघड’ हाही शेवटचा शब्द नसतो. ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, पवईच्या आय. आय. टी.त शिकलेले नरेंद्र करमरकर १९८४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत होते. मर्यादित सामग्रीतून जास्तीत जास्त लाभ कसा साधावा, हा कारखान्यांचा आणि विमान कंपन्यांचा रोजचा प्रश्न. त्याची जुनी रीत बहुधा चांगली चाले, पण काही उदाहरणांत बेसुमार लांबे. १९७९ साली रशियातल्या खाचियानने लांबण्याला आळा घालणारी रीत दिली, पण ती प्रत्यक्षात संथ निघाली. करमरकरांनी दोन्ही साधणारी रीत काढली. म्हणजे ‘अवघड आहे’ याचाही अर्थ पुष्कळदा ‘सोपी वाट अजून सापडलेली नाही’ एवढाच असतो.

मग त्या बाईला मी काय सांगायला हवे होते? यावर विचार करता करता मला आपल्याच भाषेतला एक शब्द नव्याने दिसला : ‘ठरवणे’. वैद्य रोग कोणता ते ठरवतो, आणि वडील मुलीचे लग्न ठरवतात. शब्द एकच, पण पहिल्या ठरवण्यात जे आहे ते ओळखायचे असते. दुसऱ्यात जे नाही ते आपण घडवायचे असते. पहिले चुकले तर ते खोटे ठरते. दुसरे चुकले तर त्याची जबाबदारी कोणावर तरी येते. आपण माणसे बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचे ठरवतो, आणि पहिल्या जातीचे ठरवल्याचा आव आणतो. ‘हा नालायकच आहे’, ‘तिच्या नशिबातच नाही’, ‘त्याच्याने होणार नाही’ : हे सारे आपण घेतलेले निर्णय असतात, आणि आपण ते शोध लागल्याप्रमाणे सांगतो. त्यात सोय अशी, की शोधाची जबाबदारी कोणावर नसते.

माझा अपराध मला येथे सापडला. पोराला कामाला लावणे हा कदाचित त्या घरापुढचा योग्य मार्गही असेल. पण तो निर्णय त्या आईचा होता, आणि मी त्याला निदानाचा मुखवटा चढवून तिच्या हातात दिला. ‘मला ठाऊक नाही’ हे तीन शब्द तिला सांगितले असते, तर तिला निदान निवड तरी करता आली असती.

तो मुलगा मला गेल्या वर्षी भेटला होता. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. त्यांतल्या एकात तो बफिंग करतो. तोंडाला फडके गुंडाळलेले, हात काळे. त्यानेच मला ओळखले आणि हट्टाने चहा पाजला. निघताना हसून म्हणाला, “सर, एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा लहान कसा, हे मला तुमच्या वर्गात कधीच समजलं नाही. आकडा मोठा, मग भाग लहान कसा? आता कळतं. पत्र्याचा गेज बघतो ना! बावीस गेजचा पत्रा वीसपेक्षा पातळ. आकडा वाढला की पत्रा उतरतो.”

मी त्या वेळी नुसताच हसलो होतो. आज त्या वाक्याचा अर्थ कळतो. यंत्र थांबले होते. मी समोरून उठून गेल्यावर थांबले, एवढेच. आणि ते थांबले याचे श्रेय मला नाही, पत्र्याला आहे.

हे लिहिताना माझ्यापुढे एक ताजा प्रश्न आहे. आठवीतल्या एका मुलीच्या वडिलांनी सुटीपूर्वी मला गाठले. रिक्षा चालवतात. धाकट्या दोघांचा खर्च आहे. नववीसाठी दुसरी शाळा बघावी लागणार. “सर, हिच्यात काही आहे का? खरं सांगा,” ते म्हणाले. मी दिवाळीनंतर सांगतो म्हणालो. मुलगी गणितात तिसऱ्या चाचणीतही नापास आहे. ‘होईल, होईल’ असे खोटे आश्वासन देऊन त्यांना कर्जात ढकलण्याचा मला अधिकार नाही. ‘होणार नाही’ असे म्हणण्याचाही नाही, हे आता समजले आहे.

तेव्हा मी त्यांना सांगणार आहे, की मला ठाऊक नाही. जे दिसले ते सांगेन : तोंडी हिशेब ती बरोबर करते, कागदावर चुकते. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास मी तिला बसवून घेईन, मार्चपर्यंत. मार्चमध्ये तुम्ही, ती आणि मी मिळून ठरवू. आणि ते ठरवणे दुसऱ्या जातीचे असेल, हे तिघांनीही लक्षात ठेवू.

भाची उद्या भाऊबीज आटोपून परत जाईल. तिला मी विचारले, “हे सगळं परीक्षेत लिहिलंस तर किती मार्क मिळतील?” ती म्हणाली, “मामा, हट्टी यंत्रापर्यंत पूर्ण. पुढच्याचे शून्य.”

असो. ती जुनी वही मी ट्रंकेतून पुन्हा काढली आहे. ‘जमणारही नाही’ हे शब्द खोडलेले नाहीत. मी ते लिहिले होते, हे राहायला हवे. यंदाच्या वहीत मात्र त्या मुलीच्या नावापुढे मी ‘अजून नाही’ एवढेच लिहिले आहे, आणि खाली तारीख घातली आहे.